निळ्या वहीतल्या सह्या

१

निळी वही उघडली आणि ती कोरी निघाली.

मोजपट्टीकाकांनी पहिलं पान उलटलं, दुसरं उलटलं, मग अंगठ्याखालून सगळी पानं शेवटपर्यंत सोडली. एक अक्षर नाही. पुठ्ठ्यावरचं लेबल मात्र बरोबर होतं, ताईंच्याच हातचं: 'आग लागल्यास बाहेर पडण्याचा सराव'.

सकाळचे सव्वानऊ झाले होते. दुपारी दोन वाजता परवाना खात्याचा अधिकारी येणार होता. केंद्राचा तात्पुरता परवाना त्याच संध्याकाळी सहाला संपत होता.

"ताई, जरा बसून घ्या," काका म्हणाले.

"तुम्ही बसा म्हणालात की माझ्या पोटात गोळा येतो."

"येऊ द्या. पण बसल्यावर येऊ द्या."

काकांनी वही पुढे सरकवली. ताईंनी ती पाहिली, उलटी करून पाहिली, झटकूनही पाहिली, जणू सह्या पानांच्या बेचक्यात अडकल्या असतील.

हे व्यसनमुक्ती केंद्र ताईंनी उभं केलं होतं. पूर्वी त्या शाळेत शिकवत. धाकट्या भावाला दारूने नेलं, त्याला पोचवून त्या घरी आल्या आणि दुसऱ्याच महिन्यात जागा शोधायला लागल्या. मिळाली ती छत्र्यांच्या बंद कारखान्याची इमारत. छताला छत्र्या टांगायचे दोनशे बारा आकडे होते. जिथे माणसं जिवाला कंटाळून येतात तिथे भिंतीला वा छताला एकही आकडा चालत नाही, असा नियम. ताईंनी शिडीवर चढून सगळे काढले आणि भोकं बुजवली. वर पाहिलं तर अजून ठिपके दिसत.

आत्ता इथे चौदा माणसं राहत होती. कुणी दारू सोडायला आलेलं, कुणी गोळ्या. परवाना नाही मिळाला तर चौदाही जणांनी सहाच्या आत बाहेर पडायचं होतं. त्यांतल्या एकाचा आज अकरावा दिवस होता. अकराव्या दिवशी माणसाला दाराबाहेर काढणं म्हणजे अर्धी नदी पोहून आलेल्याला मधेच बुडवण्यासारखं.

आणि ही वही म्हणजे परवान्याची नाडी होती. महिन्यातून एकदा घंटा वाजायची, सगळे अंगणात यायचे, आपापली सही करायचे. असे सहा महिने, सहा सराव. बाकी अकरा वह्यांत चूक सापडली तर मुदत मिळते. ही वही नसली तर परवाना नाही.

काकांना हे दुसऱ्या कुणी सांगायची गरज नव्हती. एकतीस वर्षं ते त्याच खात्यात तपासनीस होते. खिशात सदा मोजपट्टी, म्हणून मागे सगळे 'मोजपट्टी' म्हणत, आणि निवृत्त झाल्यावर तोंडावरही म्हणायला लागले. दीड वर्षापूर्वी बायको गेली. घरातल्या चार खोल्या, त्यांच्या खिडक्या, दारं, सगळं मोजून झालं. मग ते ताईंची कागदपत्रं लावायला यायला लागले.

"काका," ताई म्हणाल्या, "काल रात्री आठला आम्ही बारा वह्या मोजून कुलपं लावली. आजही बाराच आहेत."

"बाराच आहेत," काका म्हणाले. "तीच तर गंमत आहे."

२

नियमाप्रमाणे नोंदी दोन कुलपांत ठेवतात. कपाटाला एक, खोलीला एक. खोलीची किल्ली ताईंच्या गळ्यात, कपाटाची सिस्टरच्या खिशात. एकीला दुसरीवाचून काही उघडता येत नाही.

सिस्टर आल्या. पन्नाशीच्या, ताठ, बोलणं इंजेक्शनसारखं.

"म्हणजे एकतर आम्ही दोघी चोर, नाहीतर भूत," त्या म्हणाल्या. "मागच्या आठवड्यात औषधांच्या कपाटावरून ताईंचं नि माझं वाजलं होतं, तेही लिहून घ्या. उगाच नंतर कळायला नको."

"मी काही लिहीत नाहीये, सिस्टर. कुलूप लावताना वह्या कशा मोजता?"

"कणे मोजतो. एक, दोन, तीन. बारा झाले की बंद."

"उघडून पाहत नाही?"

सिस्टरने खिशातली किल्ली चाचपली. मग ताईंकडे पाहून म्हणाल्या, "नाही."

इतक्यात दारातून चहा आला. तो आणणारा स्वयंपाकी, सगळ्यांचा मामा. नऊ वर्षांपूर्वी तोही असल्याच एका केंद्रात राहणाऱ्यांतला एक होता. आता त्याच्या हातात किल्ल्या नव्हत्या, पण सगळ्या घराची भूक होती. ट्रेवर त्याने जाड कापड अंथरलं होतं. कप ट्रेच्या काठाच्या बरेच वर दिसत होते.

"आज टेबलक्लॉथ?" सिस्टर म्हणाल्या. "लग्न आहे का कुणाचं?"

"साहेब येणार ना. सवय असावी," मामा म्हणाला. त्याने कप ठेवले, ट्रे तसाच आडवा धरला आणि गेला.

काकांचं चहाकडे लक्ष नव्हतं. ते लेबल पाहत होते. कागद सुरकुतला होता, वाफेवर धरल्यासारखा. एक कोपरा सुटला होता. त्यांनी त्यावर नख फिरवलं. खालून पांढरी, सुकलेली पापडी निघाली. ती त्यांनी बोटांत चुरली.

ऑफिसात चिकटवायला बाटलीतला डिंक होता, काचेसारखा सुकतो. हा डिंक नव्हता. ही पिठाची खळ होती.

काकांना ती ओळखायला चष्मा लागला नाही. त्यांच्या घरी स्वयंपाकघरातल्या एकोणीस डब्यांवर अशाच खळीने लेबलं चिकटवलेली होती. बायको पीठ शिजवून खळ करायची. काका म्हणायचे, बाजारात डिंक मिळतो. ती म्हणायची, मिळू दे. दीड वर्षात डब्यांतलं सामान इकडचं तिकडे झालं. साखरेच्या डब्यात डाळ होती. पण लेबलांना त्यांनी हात लावला नव्हता.

"कुलपाशी कुणी खेळलेलं नाही," ते म्हणाले. "तुम्ही आठला कुलूप लावलंत तेव्हाच आत कोरी वही होती. खरी वही त्याआधी, कपाट दिवसा उघडं असताना, बाहेर गेली."

"पण कुणी नेली?"

"ज्याच्याकडे वाफ आहे आणि पीठ आहे."

ताईंनी स्वयंपाकघराच्या दिशेने पाहिलं. त्यांचा चेहरा असा झाला की काकांना वाटलं, आपण तोंड उघडायला नको होतं.

३

आधी ते भाच्याकडे गेले. ताईंच्या बहिणीचा मुलगा, केंद्राचा कारकून. तिशीचा, कानामागे पेन, आणि दुसऱ्या एका मोठ्या केंद्रात नोकरीसाठी अर्ज केलेला, हे सगळ्यांना माहीत.

"माझ्यावर संशय असेल ना?" तो म्हणाला. "मावशी रोज म्हणतेच, तू आमचं बुडवून जाशील."

"मावश्या म्हणतात तसं. कोऱ्या निळ्या वह्या कुणाकडे असतात?"

"माझ्याकडे. आणि माझ्याकडून टाचणीसुद्धा सहीशिवाय जात नाही." त्याने सामानाची नोंद उघडली. "ही बघा. काल, पाच वाजून दहा मिनिटं. निळी वही एक. स्वयंपाकघरासाठी. मामाची सही."

"काय म्हणाला?"

"म्हणाला, फ्रिजचं तापमान लिहायची वही भरली. मी म्हटलं, काल तर निम्मी होती. म्हणाला, मोठ्या अक्षरात लिहितो."

काकांना हसू आलं नाही. खोटं बोलायला निघालेला माणूस स्वतःची सही करून वही घेऊन गेला होता. चोरी करतानाही ह्या घराची शिस्त मोडायची नाही, असं ते काम.

"पाच वाजता," ते म्हणाले. "काल पाचच्या आधी इथे नवीन काय घडलं?"

भाच्याने जरा आठवलं. "काही नाही. पत्र आलं खात्याचं, चारला. मी लगेच फलकावर लावलं."

काका व्हरांड्यात गेले. तिथे दोन गोष्टी शेजारी शेजारी होत्या. एक फळा. रोज सकाळी चौदा माणसं येऊन त्यावर खडूने एकेक आकडा लिहीत: आपला कितवा दिवस. नाव नाही, नुसता आकडा. ११. ४१. ६. २०३. काका पहिल्यांदा आले तेव्हा त्या फळ्यासमोर बराच वेळ उभे राहिले होते. त्यांनी आयुष्यात हजारो आकडे तपासले, पण त्यात एक मिळवायला एवढी किंमत पडते असे आकडे कधी पाहिले नव्हते.

दुसरी गोष्ट ते पत्र. तपासणीला येणाऱ्या बाईंचा पाय मोडला. त्यांच्याऐवजी दुसरे अधिकारी येतील. खाली त्यांचं नाव, ठळक. तपासायला कोण येणार हे राहणाऱ्यांना आधी कळलं पाहिजे, म्हणून ते फलकावर लावतात. हाही नियमच.

नाव काकांच्या ओळखीचं होतं. त्यांच्याच हाताखाली तयार झालेला माणूस. कडक, सरळ, घरचं कधी न बोलणारा.

चारला नाव लागलं. पाचला मामाने वही नेली.

काका जागच्या जागी उभे राहिले. सोपा अर्थ असा की मामाने ह्या अधिकाऱ्याच्या हातून केंद्र बुडवायचं ठरवलं. पण केंद्र बुडवायचं असतं तर अग्निशमनचा दाखला चोरायचा. तो परत मिळायला दोन महिने जातात. दाखला जागेवर होता. सगळ्यांची प्रमाणपत्रं जागेवर होती. नेमकी सह्यांचीच वही गेली होती.

त्या वहीत असं काय होतं, जे बाकी अकरांत नव्हतं?

४

मामा मोठ्या पातेल्यातलं सार ढवळत होता. काकांनी स्टूल ओढलं.

"मामा, वही तुम्ही घेतलीत."

"हो," मामा म्हणाला. "मीठ बघता का? माझी जीभ आज ठिकाणावर नाही."

काकांनी चमचाभर चाखलं. "कमी आहे."

मामाने मीठ टाकलं. "तुम्हाला कळेल हे वाटलंच होतं. पण दुपारनंतर कळेल असं वाटलं."

"कोरी वही कशाला ठेवलीत? अधिकारी उघडणारच."

मामाचा हात थांबला. "उघडतात?" तो खरोखरच चकित झाला होता. "मी रोज बघतो, ताई आणि सिस्टर बारा मोजतात आणि कुलूप लावतात. मला वाटलं, सरकारी माणूसही तसंच मोजून सही करत असेल."

"आणि का केलंत?"

"ते सांगणार नाही."

"पैसे?"

मामाने त्यांच्याकडे नुसतं पाहिलं. काकांना स्वतःचीच लाज वाटली.

"बरं," ते म्हणाले. "मग मी बोलतो, तुम्ही ढवळा. ह्या घरात सगळं आकड्यांवर चालतं. औषधांच्या वहीत नंबर, जेवणाच्या वहीत नंबर, फळ्यावर दिवस. राहणाऱ्यांची संमतिपत्रं बंद पाकिटात, ज्याचं त्याने सांगितल्याशिवाय कुणी फोडत नाही. दोन ते चार सगळे दिवाणखान्यात बैठकीला, दार लावून; तिथे खात्याचा माणूससुद्धा जात नाही. म्हणजे आज इथे कोण राहतं हे अधिकाऱ्याला कुठूनही कळणार नाही. एक जागा सोडून. घंटा वाजली की माणूस धावत अंगणात येतो आणि हातात वही दिली की सवयीने आपलं खरं नाव लिहितो. तुमच्या-माझ्यासकट सहा महिन्यांत हे कुणाच्या ध्यानात आलं नाही."

मामा ढवळत राहिला.

"इथे काम करणाऱ्यांचं लपवायचं म्हणाल तर त्यांच्या सह्या प्रमाणपत्रांवरही आहेत, आणि त्या खात्यात कधीच गेल्या. म्हणजे चौदांतलं एक जण. काल चारला फलकावरचं नाव वाचून त्या माणसाचा धीर सुटला, आणि ते तुमच्याकडे आलं."

"आलं नाही," मामा म्हणाला. "भाजी चिरायची पाळी होती. सुरी खाली ठेवली आणि भिंतीकडे तोंड करून उभं राहिलं. मी विचारलं, काय आलं उद्याच्या आड? म्हणालं, निळी वही. बस."

"का, ते नाही विचारलंत?"

"विचारलं असतं तर मला माहीत झालं असतं." मामाने गॅस बारीक केला. "माहीत झालेलं सांभाळावं लागतं. मी म्हटलं, नावावर पट्टी चिकटवू. तर म्हणालं, नाव झाकलं तरी अक्षर ओळखेल."

काकांनी चमचा खाली ठेवला.

अक्षर कोण ओळखतं? ज्याने हात धरून गिरवायला शिकवलं तो. किंवा ज्याला वर्षानुवर्षं चिठ्ठ्या लिहिल्या: दूध आणा, उशीर होईल, जेवून घ्या. काकांना एकोणीस डबे दिसले. नावं खरवडून टाकली, एखादी उभी रेघच ठेवली, तरी खोलीच्या ह्या टोकावरून सांगितलं असतं, ही तिची.

अधिकाऱ्याच्याच घरचं माणूस इथे होतं. मुलगी, मुलगा, भाऊ, बायको, कोण ते देव जाणे. घरी काय सांगून आलं असेल तेही.

अजून दोन प्रश्न विचारले असते तर काकांना कळलं असतं. काल भाजी चिरायची पाळी कुणाची होती, ते तर भिंतीवर लावलेलंच होतं, त्यांच्या पाठीमागे. मान वळवायचा अवकाश.

त्यांनी मान वळवली नाही.

"वही द्याल?" त्यांनी विचारलं.

"माझी नाही ती."

"मग संध्याकाळी चौदाही जातील. तेही माणूस जाईल."

"हे मी तिथे सांगू शकतो," मामा म्हणाला. "ठरवू शकत नाही."

काका उठले, बसले, पुन्हा उठले. "एक वाट आहे. नियम चौतीस. अधिकाऱ्याने स्वतःच्या डोळ्यांनी सराव पाहिला आणि सगळी माणसं मोजली, तर वहीवाचून चालतं. सगळी. तेरा चालत नाहीत. घंटेची साखळी बैठकीच्या दिवाणखान्यात दारापाशी आहे, आतल्या बाजूला. ती कुणीही ओढू शकतं."

"ताईंना सांगितलंत?"

"नाही. त्या ओढतील. त्यांना तेरांचा विचार करावा लागतो, चूक नाही त्यांची. पण हे ज्याचं आहे त्याने ठरवावं."

मामाने सारावर झाकण ठेवलं. "सांगतो," तो म्हणाला.

५

"वही कुठे गेली ते कळलं," काका ताईंना म्हणाले. "पण आणता येणार नाही. आणि का, ते विचारू नका."

ताई उभ्या राहिल्या. "काका, केंद्र माझं आहे. मी दोनशे बारा आकडे स्वतःच्या हाताने काढलेत. आणि तुम्ही मला म्हणता विचारू नका?"

काकांनी त्यांच्या डोक्यावरच्या भिंतीकडे बोट केलं. तिथे चौकटीत एकच ओळ होती: 'इथे कोण आहे, ते इथेच राहतं.'

"हे कुणी लिहिलंय?"

ताईंनी वळून पाहिलं. वाचायला एक क्षण लागतो. त्या बराच वेळ पाहत राहिल्या. मग हळूच बसल्या. "एवढ्यासाठी?" त्यांनी विचारलं.

"एवढ्यासाठी."

"मी हे लिहिलं तेव्हा मला वाटलं, फार तर शेजाऱ्यांना सांगायचं नाही." त्यांनी डोळे पुसले. "जेवणाच्या वेळी सगळ्यांना सांगते. सामान बांधून ठेवा म्हणते. दुसरं काय."

एक वाजता व्हरांड्यात चौदा पिशव्या ओळीने उभ्या होत्या. काका बाजूने गेले. कुणी रडारड केली नव्हती, कुणी वहीचोराला शिव्या दिल्या नव्हत्या. ह्या माणसांची घरं त्यांना खोटारडी म्हणत, त्यांनी आईच्या बांगड्या विकल्या होत्या, पोरांच्या फिया पिऊन टाकल्या होत्या. आणि आज कुणातरी एकाचं गुपित राहावं म्हणून बाकी तेरा जण पिशव्या भरून उभे होते, कुणाचं ते न विचारता. त्यांना किती माहीत होतं? काकांना वाटलं, घरातल्या भिंतींनाही माहीत असावं.

दोनला पाच कमी असताना माणसं दिवाणखान्यात गेली. ही बैठक ती आपली आपणच घेत. दार लागलं.

बरोबर दोनला अधिकारी आला. पन्नाशीच्या आसपास, इस्त्रीचा सदरा, खिशात मोजपट्टी.

"सर, तुम्ही इथे?" तो काकांना म्हणाला.

"घरी बसून कंटाळा येतो."

त्याने दारं मोजली. खाटांमधलं अंतर मोजलं. नळाच्या गरम पाण्यात तापमापक धरला. छताकडे पाहून विचारलं, "हे ठिपके?" ताईंनी सांगितलं. तो वर पाहत म्हणाला, "दोनशे बारा?" आणि लिहायचं थांबला. "एवढ्या तपासण्या केल्या, कुणी एवढं केलेलं पाहिलं नाही."

साडेतीनला ऑफिसात बसून त्याने वह्या घेतल्या. नववी निळी होती. त्याने उघडली.

"सर, ही कोरी आहे."

"हो."

"कारण?"

"सांगता येणार नाही."

खोलीत ताई, सिस्टर, भाचा आणि ट्रे घेऊन मामा उभे होते. अधिकाऱ्याने चौघांकडे आळीपाळीने पाहिलं.

"सर, तुम्हीच मला शिकवलंत. वहीत नाही म्हणजे झालं नाही. मला हे जागेवर नाकारावं लागेल." त्याचा आवाज कठोर नव्हता, थकलेला होता. "वाईट वाटतंय. खरंच." त्याने पेनचं टोपण काढलं.

आणि घंटा वाजली.

६

ताई, सिस्टर, भाचा, मामा सगळे समोर होते. साखळी दिवाणखान्याच्या आत होती. म्हणजे ओढली ती चौदांतल्याच एका हाताने.

काकांनी मामाकडे पाहिलं. मामा खाली पाहत होता.

अधिकारी उठला, मनगटावरच्या घड्याळाचं बटण दाबलं आणि अंगणात गेला. ते त्याचं कामच होतं. घंटा वाजली की तपासणारा माणूस बसून राहत नाही.

काका त्याच्या मागे निघाले. दारातून माणसं येत होती, भराभर, धक्काबुक्की न करता, सहा महिने शिकवल्याप्रमाणे. अंगणात पांढरी रेघ होती. त्या रेघेवर ती उभी राहिली. काकांनी आपल्या चपलांकडे नजर लावली. डाव्या चपलेचा अंगठा शिवायला झाला होता.

नियमाप्रमाणे अधिकाऱ्याने मोठ्याने मोजायचं असतं.

"एक. दोन. तीन." त्याची पावलं रेघेवरून पुढे सरकत होती. "चार. पाच. सहा. सात. आठ."

मग आवाज थांबला.

पावलंही थांबली. कुठे तरी दूर कुणी गालिचा झोडपत होतं, तेवढं ऐकू येत होतं. काकांनी आयुष्यात लांबी मोजली, रुंदी मोजली, पाण्याचं तापमान मोजलं. ही शांतता केवढी होती ते त्यांना कधीच सांगता आलं नाही. कुणी हुंदका दिला नाही. कुणी हाक मारली नाही. काकांची मान अवघडली, पण त्यांनी ती वर केली नाही.

"नऊ," अधिकारी म्हणाला.

आवाज तोच होता, जरा बसलेला. पाऊल पुढे पडलं. "दहा. अकरा. बारा. तेरा. चौदा."

घड्याळाचं बटण पुन्हा वाजलं.

ऑफिसात त्याने उभ्यानेच लिहिलं: सराव समक्ष पाहिला, चौदापैकी चौदा, एक मिनिट बावन्न सेकंद. मग पेन खाली ठेवलं.

"ताई, परवान्यावर मी सही करू शकत नाही."

ताईंनी खुर्चीची पाठ धरली.

"ऐकून घ्या. अधिकाऱ्याला स्वतःच्या कारणासाठी प्रकरण दुसऱ्याकडे देता येतं. कारणाचा रकाना असतो. तो मी रिकामा ठेवतोय. तोवर तुमचा तात्पुरता परवाना तीस दिवस वाढतो. तेवढी सही माझ्या हातात आहे." त्याने ती केली. "आज कुणी कुठे जायचं नाही. पिशव्या आत न्यायला सांगा."

भाच्याने तोंड उघडलं. सिस्टरने त्याच्या पायावर पाय दिला.

काका त्याला फाटकापर्यंत सोडायला गेले. तो फाटकाची रुंदी पाहिल्यासारखं करत उभा राहिला.

"सर, पांघरुणं किती देतात इथे?"

"नियमात दोन आहेत."

"नियम मला माहीत आहे, सर."

"मागितलं की तिसरं मिळतं," काका म्हणाले. "जेवण दोनदा वाढतात. नको म्हटलं तरी."

त्याने मान हलवली. "भेटायचा वार कुठला असतो?"

"वार नाही. आतल्या माणसाला वाटेल तेव्हा ते बोलावतं. आधी चिठ्ठी पाठवतं. हाताने लिहिलेली."

"मग ओळखू येईल," अधिकारी म्हणाला आणि निघाला.

काका परत आले तेव्हा ऑफिसात मामा एकटाच होता. त्याने टेबलावर ट्रे ठेवला, कप बाजूला केले आणि जाड कापड उचललं. खाली निळी वही होती. सकाळपासून तिच्यावरून सगळ्यांना चहा मिळत होता.

"म्हणालं, आता ठेवायला हरकत नाही," मामा म्हणाला. "दुसरं कुणी आलं की त्यांना अक्षर काय कळणार."

"माझ्या नाकाखाली," काका म्हणाले.

"कप वर दिसत होते. मला वाटलं, हे मोजणार."

काकांनी कोऱ्या वहीवरचं लेबल सोडवलं. मामाने वाटीत खळ आणली. लेबल खऱ्या वहीवर बसवून काकांनी तळहाताने दाबलं. वही हातात होती. उघडली असती, अंगणातला क्रम मामाला विचारला असता, तर सगळा हिशेब लागला असता. त्यांनी ती कपाटात बाकीच्या अकरांशेजारी ठेवली आणि सिस्टरला हाक मारली. "चला, मोजा."

पाय जरा सावरल्यावर, तीस दिवसांच्या आत, त्या पहिल्या बाई आल्या, काठी टेकत, आणि त्यांनी पक्क्या परवान्यावर सही केली. पण ते नंतर. दुसऱ्या दिवशी सकाळी काका नेहमीपेक्षा लवकर आले आणि व्हरांड्यातल्या फळ्यासमोर उभे राहिले. खडूची भुकटी अजून खाली पडत होती. फळ्यावर चौदा आकडे होते, आणि प्रत्येक आकडा कालच्यापेक्षा एकाने मोठा होता.